विमा की खात्री? एका अक्षरावरून अडलेल्या मालाचं प्रकरण

संबंधितांना विचारून हे लिहितो आहे. कारखान्याचं आणि माणसांचं नाव कुठेही दिलेलं नाही. सुटा भाग नेमका कोणता आणि नगांचे आकडे, एवढं थोडं बदललं आहे. बाकी घडलं तसं.

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव वसाहतींत फाउंड्र्यांची दाटी आहे. त्यातलाच हा एक साठेक माणसांचा कारखाना. बिडाचं कास्टिंग ओतायचं, आपल्याच मशीनशॉपमध्ये तासायचं आणि पाठवायचं. धंद्याचा जवळपास तिसरा हिस्सा इंग्लंडातल्या एका पंप बनवणाऱ्या खरेदीदाराकडून येतो. नेहमीची अट एफओबी न्हावा शेवा. म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम कारखान्याची. पुढचं भाडं, विमा, समुद्रातली भानगड, सगळं खरेदीदाराचं.

परदेशी मेल लिहिण्याचं काम क्वालिटीतल्या एका डिप्लोमावाल्या मुलाकडे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, वय सव्वीस. त्याला इथे नुसतं इंजिनिअर म्हणतो. त्याचं इंग्रजी कच्चं होतं असं कुणी समजू नये. ड्रॉइंग, मानकं, तपासणीचे अहवाल तो सहज वाचायचा आणि दिवसाला दहा-पंधरा मेल न अडखळता लिहायचा. फक्त त्याच्या इंग्रजीचे बरेचसे शब्द मशीनशॉपमधून आलेले होते. नट ‘लूज’ झाला, उन्हाचा ‘इफेक्ट’ झाला, ‘स्टेशनरी’ संपली. हे सगळे शब्द त्याला मराठी म्हणूनच भेटले होते, कानावाटे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. आसपासच्या तीन-चार कारखान्यांची पत्रं नजरेखालून घालतो. या कारखान्याचं काम तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

अडचण

एका खेपेतल्या २४० नगांत ब्लो-होल, म्हणजे ओतकामात हवा अडकून पडलेली भोकं, निघाले. खरेदीदाराने खेप नाकारली आणि एटडी अहवाल मागितला. चूक का झाली, आता काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे आठ पायऱ्यांत सांगायचा हा नमुना. फोर्ड कंपनीने तो १९८७ च्या आपल्या पुस्तिकेत मांडला आणि पुढे वाहन उद्योगाबाहेरही रुजला. इंजिनिअरने अहवाल भरला, पाठवला, तो मंजूरही झाला. ठरलं असं की बदली २४० नग कारखान्याने स्वतःच्या भाड्याने पाठवायचे. यासाठी नवी खरेदी-ऑर्डर निघाली नाही. सगळं मेलवर.

त्यातल्याच एका मेलमध्ये त्याने लिहिलं : ‘वुई विल इन्शुअर द रिप्लेसमेंट लॉट अप टू युवर वेअरहाउस.’

त्याला म्हणायचं होतं, बदली माल तुमच्या गोदामापर्यंत नीट पोचेल याची आम्ही खात्री करू. त्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तो ‘ई’ने सुरू होतो. त्याने टाइप केला तो ‘आय’ने सुरू होणारा. ‘ई’चा शब्द म्हणजे खात्री करणे, ‘आय’चा म्हणजे विमा उतरवणे. शब्दाखाली लाल रेघ आली नाही, कारण दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत. खरेदीदाराच्या कारकुनाने उत्तर दिलं, ‘नोटेड, थँक्स.’

जुलैत माल निघाला. सव्वादोन टनांच्या आसपासचं वजन, म्हणून पूर्ण कंटेनर न घेता दुसऱ्यांच्या मालाबरोबर वाट्याने. वाटेत कुठेतरी पाणी शिरलं. पोचल्यावर उघडलं तर ६८ नग तासलेल्या तोंडांवर गंजलेले.

तिकडून मेल आला : तुमच्या इन्शुरर्सकडे दावा दाखल करा आणि पॉलिसी नंबर कळवा.

इंजिनिअरने तो मेल दोन दिवस उघडून-मिटून पाहिला. त्याच्या डोक्यात इन्शुअर म्हणजे खात्री, तेव्हा ‘इन्शुरर’ म्हणजे खात्री करणारा, म्हणजे अंतिम तपासणी करणारा माणूस. आणि पॉलिसी? ती तर ऑफिसात फ्रेम करून लावलेली आहे, आयएसओच्या ऑडिटरला दाखवतात ती क्वालिटी पॉलिसी. त्याने तपासनिसाचं नाव, अंतिम तपासणीचा अहवाल आणि क्वालिटी पॉलिसीचा दस्तऐवज क्रमांक असं सगळं व्यवस्थित जोडून पाठवून दिलं.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. नंतर लक्षात आलं की त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याच्या उत्तरात एकही तर्कदोष नव्हता. पहिल्या शब्दाचा अर्थ चुकीचा धरला की पुढचं सगळं बिनचूक जुळत जातं.

खरेदीदाराला मात्र वाटलं, हे आपली टर उडवताहेत. पुढचा मेल थेट मालकांना आला, तीन ओळींचा आणि थंड. ६८ नगांचे १,२५,८०० रुपये पुढच्या बिलातून वळते करू, असा.

मालकांनी मला बोलावलं. ‘सर, हे आता इंग्रजीचं राहिलं नाही, पैशाचं झालंय.’

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या तोंडी होता. ‘टायपिंग मिस्टेक’ म्हणायचं आणि एफओबीवर अडून बसायचं. मला तो पोकळ वाटला. नेहमीच्या मालाला एफओबी खरं, पण बदली मालाला ऑर्डरच नव्हती, आणि भाडं कारखान्याने भरलं होतं. जो भाडं भरतो त्याने विमाही उतरवला असेल, असं समोरच्याने समजणं अगदी स्वाभाविक. निर्यातीत भाड्यासकट दिलेल्या मालाला सीएफआर म्हणतात आणि भाडं अधिक विमा असेल तर सीआयएफ. जुने लोक पहिल्याला ‘सी अँड एफ’ म्हणतात, म्हणजे दोन अटींत फरक मधल्या ‘आय’चा, आणि तो ‘आय’ इन्शुरन्सचाच. आमच्या मुलाने नेमका तोच ‘आय’ टाइप केला होता.

दुसरा पर्याय, पैसे सोडून द्यायचे. मालकांचा कल सुरुवातीला इकडे होता. धंद्याचा तिसरा हिस्सा सव्वा लाखासाठी दुखवायचा कशाला? पण एकदा मुकाट्याने दिले की पुढच्या प्रत्येक बदली मालाचा विमा आपल्या गळ्यात, हेही त्यांना दिसत होतं. शिवाय मशीनशॉपमध्ये कुजबुज सुरू झाली होती की एवढे पैसे पोराच्या पगारातून कापणार.

कुणीतरी तिसरंच सुचवलं. मागची तारीख घालून विमा ‘बघता येईल’ का? नुकसान झाल्यावर त्याच नुकसानीचा विमा उतरवणं म्हणजे सरळ फसवणूक. मालकांनीच ते वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

चौथा पर्याय माझा. खरं सांगायचं, पण पुराव्यानिशी. आमच्या माणसाला हा शब्द खात्री या अर्थाने माहीत होता, विम्याचा शब्द तिथे त्याने जाणून लिहिला नव्हता, हे दाखवायचं. मालकांना हे पटेना. ‘इंग्रजी येत नाही म्हणून सांगायचं? आपणच आपली लाज काढायची?’ हा या प्रकरणातला खरा अडखळण्याचा क्षण होता. मी त्यांना एवढंच विचारलं, की सध्या तो साहेब तुम्हाला काय समजतोय? लबाड. त्यापेक्षा इंग्रजीत कच्चे समजला तर काय बिघडलं? त्यांनी चहा मागवला. माझ्या अनुभवात कोल्हापुरात चहा मागवला की अर्धा होकार असतो.

काय केलं

मी इंजिनिअरकडून तीन वर्षांचे पाठवलेले मेल मागितले आणि संगणकावर तो एकच शब्द शोधायला सांगितला. ३१ ठिकाणी सापडला. ‘वुई विल इन्शुअर हार्डनेस.’ ‘इन्शुअर प्रॉपर पॅकिंग.’ ‘प्लीज इन्शुअर पेमेंट बाय फ्रायडे.’ ‘ई’चा शब्द एकदाही नाही. हे पाहून माझा जीव भांड्यात पडला. कास्टिंगच्या कडकपणाचा विमा जगात कुणी उतरवत नाही, आणि शुक्रवारपर्यंत पैसे पाठवायचाही विमा नसतो. शब्द सगळीकडे एकाच चुकीच्या अर्थाने आला होता, आणि तो अर्थ समोरच्याने तीन वर्षं न अडखळता समजून घेतला होता.

दुसरी गोष्ट निघाली ती अधिक अवघड. चूक त्या मुलाची एकट्याची नव्हतीच. कारखान्याच्या लेटरहेडच्या तळाशी मालकांच्या वडिलांच्या काळापासून छापलेली ओळ होती, ‘वुई इन्शुअर बेस्ट क्वालिटी’. एटडीच्या कोऱ्या नमुन्यातही एका रकान्यावर ‘कॅज्युअल अॅनालिसिस’ असं होतं. हवं होतं ‘कॉझल’, म्हणजे कारणांचं विश्लेषण. एस आणि यू यांची अदलाबदल झाली आणि कारणमीमांसेची झाली ‘सहज जाता जाता केलेली मीमांसा’. हा नमुना आधीच्या क्वालिटीवाल्याने बनवला होता आणि तो नोकरी सोडून गेला तरी नमुना राहिला. नव्या मुलाने छापील रकाना बरोबरच असणार असं धरलं. कुणीही धरलं असतं.

हे मालकांसमोर लेटरहेडसकट ठेवलं. पगारातून कापण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

फोन आधी करायचा की मेल आधी, यावर थोडी घासाघीस झाली. मी फोनचा आग्रह धरला, कारण लिहिण्यातूनच तर बिघडलं होतं. मालक आणि इंजिनिअर दोघे बसले. इंजिनिअरने स्वतः सांगितलं की मी हा शब्द ‘मेक शुअर’ या अर्थाने लिहीत आलो आहे, जुन्या मेलमध्ये पाहा, आणि पॉलिसी नंबर म्हणून पाठवलं ते थट्टेने नव्हतं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो माणूस हसायला लागला, असं मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. क्वालिटी पॉलिसीचा गोंधळ उलगडला आणि त्याचा राग गेला, आकड्यांचं बोलणं त्यानंतर सुरू झालं.

मग मेल गेला. त्यात तीन जुन्या वाक्यांच्या प्रती, आणि एक साधा मुद्दा : विमा उतरवलेल्या मालाच्या कागदपत्रांत बिल ऑफ लेडिंगबरोबर (जहाजाने माल घेतल्याची पावती) विम्याचं प्रमाणपत्र जातं. सीआयएफमध्ये तर मालाच्या किमतीच्या किमान ११० टक्क्यांचा विमा विक्रेत्याने उतरवायचा असतो आणि तसा कागद द्यायचा असतो. या खेपेबरोबर तो कागद गेला नव्हता, आणि तिकडून कुणी मागितलाही नव्हता.

निकाल

दोन्हीकडून निम्मं निम्मं. ३४ नगांचे ६२,९०० रुपये कारखान्याने क्रेडिट नोटने दिले, उरलेले खरेदीदाराने सोसले. विमा वेळेवर उतरवला असता तर एवढ्या मालाला हप्ता दोन हजारांच्या आत बसला असता, हे नंतर एजंटाने सांगितलं तेव्हा मालक बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. ऑर्डरी चालू राहिल्या. बदली मालालाही आता छोटी का होईना, अटींसकट ऑर्डर निघते. ही सूचना तिकडून आली.

शब्दांचं काय केलं, आणि माझी चूक

इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण यात मी स्वतः चुकलो.

मालकांनी सांगितलं, पोराला तयार करा. मी वर्गात करत आलो तेच केलं. दिसायला सारख्या शब्दांच्या चाळीस जोड्यांची यादी दिली, शेजारी शेजारी, अर्थांसह. पंधरा दिवसांनी चाचणी घेतली तर आधीपेक्षा वाईट. सल्ला या अर्थाचा ‘अॅडव्हाइस’ तो आधी ‘सी’ने बरोबर लिहायचा. यादीनंतर नाम असो की क्रियापद, तो ‘एस’च लिहायला लागला. न घोटाळणारे शब्दही मी त्याच्यासाठी घोटाळ्याचे करून ठेवले होते. दोन सारखी माणसं एकाच लग्नात, एकाच वेळी ओळख करून दिली तर कुणाचं नाव काय ते वर्षभर आठवत नाही. वेगवेगळ्या दिवशी भेटली असती तर अडचण आली नसती.

त्याहून मोठी गफलत म्हणजे मी हा डोळ्यांचा दोष समजत होतो. दिसायला सारखे म्हणून चुकतात. पण आपल्याकडे यातले कितीतरी शब्द आधी कानाला सारखे झालेले असतात. मराठीने इंग्रजी शब्द घेताना उच्चार घेतला आणि देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिला. इंग्रजांच्या तोंडात ढिला या अर्थाचा शब्द ‘लूस’ आणि हरवणे या अर्थाचा ‘लूझ’. आपल्याकडे दोघांचं ‘लूज’. अफेक्ट आणि इफेक्ट, दोन्ही ‘इफेक्ट’. मुख्याध्यापक, मुद्दल आणि तत्त्व, सगळे ‘प्रिन्सिपल’. एखाद-दुसऱ्या अक्षराने वेगळे शब्द मराठी कानात एकच होऊन बसतात, आणि टाइप करताना हात दोनातलं कुठलंही स्पेलिंग उचलतो.

मग उपायही मराठीतूनच यायला हवा होता. मी त्याला विचारलं, तू मराठीत कसं म्हणतोस? साहेबांना मी खात्री... देतो. माल नीट भरला आहे याची मी खात्री... करतो. आणि कंटेनरचा? विमा उतरवतो. झालं. इंग्रजीत हे तीन शब्द तोंडात घोळतात : अॅश्युअर, एन्शुअर, इन्शुअर. मराठीत ‘देतो’, ‘करतो’ आणि ‘विमा’ यांत कुणीच चुकत नाही. अॅश्युअर माणसाला, एन्शुअर कामाला, इन्शुअर मालाला. फरक त्याला येत होताच, फक्त इंग्रजी शब्दांशी बांधलेला नव्हता.

स्पेलिंगची खूण त्यानेच काढली. ‘सर, एलआयसीतला मधला आय.’ आणि मग हसून, ‘जिथं आय, तिथं विमा.’ कोल्हापुरात आय म्हणजे आई, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो.

शिक्षकाचा प्रामाणिकपणा म्हणून मी त्याला हेही सांगितलं की हे दोन शब्द मुळात एकाच शब्दाची दोन स्पेलिंगं आहेत. ब्रिटिश वापरात पुढे कामं वाटली गेली, अमेरिकेत भिंत तेवढी पक्की नाही. १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या उद्देशिकेत देशात शांतता राखण्याच्या संदर्भात ‘आय’चा शब्द आहे, आणि तिथे विम्याचा काही संबंध नाही. त्याचा संगणक अमेरिकन इंग्रजीवर लावलेला होता. संदर्भ पाहून चूक दाखवणारी सोय वर्डमध्ये २००७ पासून आहे, पण जे अमेरिकेत चालून जातं ते यंत्राने चूक का म्हणावं? सॉफ्टवेअर घेऊन प्रश्न मिटेल असं मालकांना वाटत होतं, ते मी इथे थांबवलं. माल इंग्लंडला जातो, तर निदान संगणकाची भाषा तरी ब्रिटिश करा, एवढं त्या दिवशी झालं.

चाळीस जोड्यांची यादी फाडली. कसोटी एकच ठेवली : या शब्दामुळे पैसा किंवा माल अडेल का? तिथे उरले पाच-सहा. ‘स्टेशनरी’च्या दोन स्पेलिंगांनी कारखान्याचं काही बिघडत नाही, तेव्हा ती वगळली. तसे ते दोन्ही शब्द एकाच घरातले. फिरत्या विक्रेत्याच्या उलट, एका जागी दुकान थाटून बसणारा तो स्टेशनर, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. मला ही गोष्ट फार आवडते, पण तिचा इथे उपयोग नव्हता.

‘लूज’ मात्र ठेवला, कारण ‘वुई डोन्ट वाँट टु लूज धिस ऑर्डर’ यात दोन ‘ओ’ घातले की ऑर्डर ढिली होते. त्याची खूण सोपी आहे, हरवण्याच्या शब्दातला एक ‘ओ’ हरवलेला. ‘कॉझल’ तर त्याच्या रोजच्या ‘रूट कॉज’मध्येच बसलेला होता. कॉज दिसला की कारण, नाहीतर कॅज्युअल लीव्ह. अफेक्ट-इफेक्टला पुन्हा मराठी : ‘परिणाम करणे’ असेल तर ‘ए’, नुसता ‘परिणाम’ असेल तर ‘ई’. याला अपवाद आहेत, पण कारखान्याच्या पत्रव्यवहारात शंभरात एखादाच, तो मी सांगितला नाही.

सगळ्यात धोकादायक जोडी मला मेल चाळताना सापडली, आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. लेटर आणि लॅटर. एक ‘टी’ असेल तर नंतरचा, दोन ‘टी’ असतील तर उल्लेख केलेल्या दोनांपैकी दुसरा. त्याने एकदा लिहिलं होतं, रेव्हिजन सी आणि रेव्हिजन बी (एकाच ड्रॉइंगच्या नव्या-जुन्या आवृत्त्या) ही दोन्ही ड्रॉइंगं मिळाली, आम्ही ‘लॅटर’ धरून काम करू. त्याला म्हणायचं होतं नवं, म्हणजे सी. वाक्याचा अर्थ झाला दुसरं, म्हणजे बी, जुनं. त्या वेळी मशीनवर सी लागलेलं होतं म्हणून माल बरोबर बनला. उलट झालं असतं तर आख्खी खेप जुन्या मापाची गेली असती, आणि मेलमध्ये तसं कबूलही केलेलं असतं. आता नियम असा की ड्रॉइंगच्या बाबतीत दोन्ही शब्द बंद, रेव्हिजनचं अक्षर लिहायचं.

‘एन्शुअर’बद्दल आमचं एकमत झालं नाही. मी म्हणालो, माल पाठवण्याच्या आणि पैशाच्या मेलमध्ये तो शब्दच नको, ‘मेक शुअर’ लिही. तो म्हणाला, ‘सर, शब्द टाळून किती दिवस काढायचे? मला तो यायलाच पाहिजे.’ त्याचं म्हणणं मला अजून चुकीचं वाटत नाही. तडजोड अशी ठरली की माल, भाडं आणि पैसे यांच्या मेलमध्ये टाळायचा, बाकी सगळीकडे मुद्दाम वापरायचा. आठवड्याला एक शब्द शिकायचा, त्याचा जोडीदार शब्द पुढच्या महिन्यात. चार महिन्यांनी मी पुन्हा मेल चाळले. ‘आय’चा शब्द दोनदाच आला होता, आणि दोन्ही वेळा खरोखर विम्याच्या संदर्भात.

वेगळं काय करता आलं असतं

‘नोटेड, थँक्स’ लिहिणाऱ्या कारकुनाने प्रमाणपत्र मागितलं असतं तर गोष्ट जुलैतच संपली असती. पण समोरच्याच्या दक्षतेवर आपला धंदा चालवता येत नाही.

‘पॉलिसी नंबर’ मागणारा मेल आल्यावर इंजिनिअर दोन दिवस एकटाच त्याच्याशी झुंजला. मालकांना विचारावं तर इंग्रजी येत नाही असं वाटेल, ही भीती. त्याने त्याच दिवशी शेजारच्या अकाउंट्सच्या मॅडमना दाखवलं असतं, तर त्यांनी पॉलिसी हा शब्द पाहून पहिल्यांदा विमाच म्हटलं असतं. त्यांच्या टेबलावर एलआयसीचं कॅलेंडर होतं.

माझ्या बाजूने, यादी देण्याआधी त्याचे मेल वाचायला हवे होते. कुणाचा कुठला शब्द चुकतो हे न पाहता दिलेली यादी म्हणजे सगळ्या रोग्यांना एकच काढा. आणि मी फोनच्या वेळी तिथे बसायला हवं होतं की नको, यावर माझं अजून ठरलेलं नाही. नसल्यामुळे तो मुलगा स्वतः बोलला. असतो तर कदाचित मीच बोललो असतो.

एटडीचा नमुना त्याच आठवड्यात सुधारला. लेटरहेडची ओळ मालकांनी बदलायची कबूल केली, पण छापून आलेला साठा संपल्यावर. परवा गेलो होतो तेव्हा विचारलं. दोन गठ्ठे अजून कपाटात आहेत.